नागनदीवरचे पूल: काय मोजायचे, कुठे मोजायचे आणि काही पूल का बुडतात

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात नदीकाठच्या एका वस्तीतल्या मंडळींना अंबाझरी तलावापासून पुढे नागनदीवरच्या सगळ्या पुलांची, मोऱ्यांची आणि रपट्यांची (पुराचे पाणी वरून जाऊ देणाऱ्या बुटक्या पुलांची) नोंद करायची आहे. सुरुवात कुठून करावी, प्रत्येक ठिकाणी काय मोजावे, आणि एकाच पावसात एक पूल बुडतो पण त्याच्या पुढचा कोरडा राहतो, हे कसे?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण मोजायचे काय ते त्यावरूनच ठरते. छोट्या नदीचा पूर पात्राच्या सरासरी रुंदीवर अवलंबून नसतो. सर्वांत अरुंद जागी जेवढे पाणी निघते, तेवढीच त्या वरच्या टप्प्याची ताकद. शहरात ही अरुंद जागा बहुतेक वेळा पुलाखाली असते. एखादा पूल कोरडा राहिला म्हणून तो चांगला, असे समजू नये. वरच्या पुलाने पाणी अडवून वस्तीत पसरवले म्हणून खालचा पूल वाचलेला असू शकतो. त्यामुळे एकेकट्या पुलाची माहिती निरुपयोगी आहे. वरून खाली, ओळीने, एकही गाळा (पुलाच्या दोन आधारांमधली मोकळी जागा) न सोडता नोंद झाली तरच तिच्यातून काही कळते.

नदीचा आराखडा डोक्यात पक्का असू द्या. नागनदीचा उगम शहराच्या पश्चिमेला, वाडीजवळच्या लावा गावाच्या टेकड्यांत. तिथून ती अंबाझरी तलावात येते. हा तलाव १८७० च्या सुमाराला शहराच्या पाण्यासाठी मातीचा बांध घालून केलेला. तलावाच्या सांडव्यापासून नदी पूर्वेला निघते. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ-रामदासपेठेचा भाग, पंचशील चौक, झाशी राणी चौक आणि मोरभवनचा परिसर अशी ती येते, सीताबर्डीच्या टेकडीला डावीकडे ठेवून रेल्वेमार्गांखालून गणेशपेठेकडे जाते. पुढे मोक्षधाम, अशोक चौक, मग महाल डावीकडे आणि सक्करदरा उजवीकडे ठेवून नंदनवन, हिवरी, वाठोड्याच्या बाजूने भरतवाडा-पारडी, आणि शहराच्या पूर्व टोकाला पिवळी नदीचा संगम. शहरातली लांबी साधारण १७ किलोमीटर. संगमानंतर ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. पिवळी उत्तरेकडून, गोरेवाड्यातून येते. दक्षिणेची पोहरा नदी सहकारनगर, नरेंद्रनगर, पिपळा, नरसाळा अशी वाहते. तिचा विचार स्वतंत्र करा, नाहीतर नोंदवहीत गोंधळ होतो.

उन्हाळ्यातही नागनदी वाहते, ते पाणी तिचे स्वतःचे नाही. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते. ते घराघरांतून वापरून सांडपाणी म्हणून नदीत येते. बिना गावाजवळ पेंच कन्हानला मिळते. त्यातले काही पाणी शहरातून फिरून त्याच कन्हानला बरेच खाली, नागनदीच्या तोंडाने परत मिळते. मोजणीत याचा अर्थ एवढाच, की एप्रिलमधली पाण्याची पातळी म्हणजे सांडपाण्याची पातळी. तिच्यावरून पावसाळ्याचा कोणताही अंदाज बांधू नका. भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे किती पाणी वळवले जाते, त्यावरही ती पातळी बदलते.

सुरुवात अंबाझरीच्या सांडव्यापासून करा. तो बिंदू ०+००० धरा आणि नदीच्या मध्यरेषेने मीटर मोजत खाली या. रस्त्याने मोजलेले अंतर चालणार नाही. मध्यरेषा उपग्रह नकाशावर आखून घेतली तरी पुरते, पण झाकलेल्या भागात ती रेषा अंदाजाची असते, तसे लिहून ठेवा. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा जुना नकाशा ठेवा. जुन्या क्रमांकपद्धतीत नागपूर ५५ ओ/४ या पत्रकात येते. आज दिसत नाहीत असे ओढे त्यावर निळ्या रेषेने दिसतात. त्यांतल्या कित्येकांवर आज लेआउट उभे आहेत आणि पाणी मात्र पाऊस आला की जुन्याच वाटेने येते.

डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवायचा. नदी पूर्ववाहिनी असल्यामुळे ढोबळमानाने डावा काठ उत्तरेचा, उजवा दक्षिणेचा. हे पहिल्याच पानावर लिहा. दोन गटांनी काठ उलटसुलट लिहिले की पुढची सगळी वही वाया जाते, आणि ही चूक फार वेळा होते.

कामाची विभागणी करायची तर महापालिका पावसाळ्यापूर्वीच्या नदी स्वच्छतेसाठी जे टप्पे पाडते तेच घ्या: अंबाझरी ते पंचशील चौक, पंचशील ते अशोक चौक, अशोक चौक ते सेंट झेवियर शाळा, शाळा ते पारडी पूल, आणि पारडी ते पिवळीचा संगम. एकच टप्पे ठेवले की किती गाळ निघाला याची तुमची नोंद आणि त्यांची नोंद समोरासमोर ठेवता येते.

मोजणी वर्षातून तीनदा हवी. पहिली दिवाळीच्या आसपास, पुराच्या खुणा ताज्या असताना. दुसरी गाळ काढण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये. तिसरी गाळ काढून झाल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात. दुसरी आणि तिसरी मोजणी शेजारी ठेवल्याशिवाय सफाईचा उपयोग किती झाला ते कळणार नाही. ट्रक किती भरले यापेक्षा पुलाखालची उंची किती वाढली, हा आकडा महत्त्वाचा.

साहित्य फार लागत नाही. ३० मीटरचा फायबर टेप, ५ मीटरची मोजपट्टी, दोरीला बांधलेले वजन, फोनमधले जीपीएस, गमबूट, जाड रबरी हातमोजे, आणि दोन-तीन दिवस भाड्याने ऑटो लेव्हल (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण). पुलांची एकमेकांशी उंची जुळवायची तर लेव्हलला पर्याय नाही. फोन दाखवतो ती उंची कित्येक मीटरने चुकते आणि आपल्याला सेंटिमीटर हवे असतात. झाकलेल्या नाल्यात किंवा लांब बॉक्समध्ये (चौकोनी काँक्रीटच्या मोरीत) कुणीही उतरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचा वास सुरुवातीला येतो, वायू वाढला की नाक बधिर होते आणि माणूस सावध व्हायच्या आत कोसळतो. अशा ठिकाणी दोन्ही तोंडे मोजा आणि मधला भाग 'न पाहिलेला' म्हणून लिहा. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. धनुर्वात आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्हींचा धोका आहे.

आता प्रत्येक पुलाजवळ काय मोजायचे. पूल खालच्या बाजूने, म्हणजे पाणी बाहेर पडते तिकडून आधी पाहा. दोन अंत्यभिंतींमधले (पुलाच्या दोन टोकांना आधार देणाऱ्या भिंतींमधले) आतले अंतर, गाळ्यांची संख्या, प्रत्येक खांबाची जाडी. मग स्लॅबच्या तळापासून गाळाच्या पृष्ठभागापर्यंतची उंची, प्रत्येक गाळ्यात डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीनदा. त्यानंतर लोखंडी सळई गाळात खुपसून मूळ तळ किंवा काँक्रीटची फरशी किती खाली लागते ते बघा. वरची उंची आणि ही खोली मिळून पुलाची मूळ उंची. पुलाचे सध्याचे तोंड आणि मूळ तोंड, दोन्ही वेगळे लिहायचे. पुलाच्या ५० मीटर वर आणि ५० मीटर खाली पात्राची रुंदी. पुलाला टेकून किंवा गाळ्यातून जाणारे पाइप आणि केबल: किती, कोणत्या व्यासाचे, स्लॅबपासून किती खाली. कठडा जाळीचा की भरीव भिंतीचा. दोन्ही बाजूंच्या रस्त्याची सर्वांत खोल जागा पुलाच्या माथ्यापेक्षा किती खाली आहे. आणि पूल पात्राला काटकोनात आहे की तिरपा. तिरप्या पुलाचे अंतर रस्त्याच्या रेषेत मोजले तर तोंड आहे त्याहून मोठे वाटते. प्रवाहाला काटकोनात मोजलेली रुंदीच खरी.

नाव देताना रस्ते आणि पुलांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसचीच वर्गवारी वापरा. ६ मीटर लांबीपर्यंत मोरी, ६० मीटरपर्यंत लहान पूल, त्यापुढे मोठा. आपल्याकडे मोठ्या मोरीलाही पूल म्हणतात आणि कधी पुलाला पुलिया. पत्रव्यवहारात त्यामुळे कागद भलत्याच विभागाकडे जातो.

गाळ, खांब आणि पाइप मिळून किती नुकसान करतात ते एका हिशेबाने पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा पाणलोट ५ चौरस किलोमीटर, म्हणजे ५०० हेक्टर. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस. सूत्र असे: वाहून येण्याचा गुणांक, पावसाची तीव्रता आणि हेक्टर यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचे, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. मोकळी जमीन, शेत, गवत असेल तर गुणांक ०.३५ धरू, पाणी २४ घनमीटर येते. त्याच जागी घरे, सिमेंट रस्ते, फरसबंद अंगणे झाली की गुणांक ०.७ होतो आणि पाणी सुमारे ४९ घनमीटर. पाऊस तोच, पाणी दुप्पट. पश्चिमेकडे गेल्या काही दशकांत जे बांधकाम झाले, त्याचा परिणाम खालच्या पुलांना असा भोगावा लागतो.

प्रवाहाचा वेग सेकंदाला २.५ मीटर धरला तर ४९ घनमीटरला साधारण १९.५ चौरस मीटरचे तोंड हवे. ८ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच पुलाचे तोंड २० चौरस मीटर. कागदावर पूल पास. आता मध्ये ६० सेंटिमीटरचा एक खांब: १.५ चौरस मीटर गेले. तळाशी ६० सेंटिमीटर गाळ: आणखी साडेचार गेले. स्लॅबखालून आडवी जलवाहिनी, तिला अडकलेली जलपर्णी, थर्माकोल, गाद्या आणि चिंध्या यांनी वरचे अर्धा मीटर बंद: पावणेचार गेले. उरले दहाच्या आसपास. म्हणजे अर्धा पूल. आणि तो पडलेला किंवा तडकलेला नसल्याने वरून जाणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

शिवाय पाणी स्लॅबच्या तळाला टेकेपर्यंत वाट पाहायची नसते. ३० ते ३०० घनमीटर पाण्यासाठी पुराच्या पातळीवर ९० सेंटिमीटर मोकळी उंची सोडावी, असा रस्ते काँग्रेसचा दंडक आहे. ३ ते ३० घनमीटरला ६० सेंटिमीटर. तरंगत येणारा कचरा आणि झाडांच्या फांद्या त्या मोकळ्या पट्ट्यातून जाव्यात, हा त्याचा हेतू. वरच्या उदाहरणातला पूल या कसोटीवर नव्यानेही नापासच होता.

पात्रातल्या खडबडीतपणाचाही असाच हिशेब आहे. ५०० मीटरला १ मीटर उतार असलेल्या आणि साधारण १.२ मीटर जलीय त्रिज्येच्या (वाहत्या पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ भागिले भिजलेल्या तळ-काठांची लांबी) पात्रात, तळ स्वच्छ असताना मॅनिंगच्या सूत्राने वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर येतो. तिथेच बेशरमाची झुडपे, गवत आणि राडारोडा माजला की तो १ मीटरवर उतरतो. पात्र तेवढेच दिसते, पण वहनक्षमता ४० टक्क्यांनी गेलेली असते. म्हणून सफाई फक्त पुलाखाली करून भागत नाही. खालचे निदान १००-१५० मीटर पात्र मोकळे नसेल तर पाणी उलटे दाटते आणि नुकताच साफ केलेला पूलही बुडतो.

एक सावधगिरी. पुस्तकातून पूरसूत्रे उचलताना ती कशासाठी आहेत ते पाहा. लेसीचे रुंदीचे सूत्र गाळमातीच्या, स्वतःचे पात्र स्वतः घडवणाऱ्या नदीसाठी आहे. दोन्ही बाजूंना भिंती बांधलेल्या नागनदीला ते लावले तर ४९ घनमीटरला ३३ मीटर रुंदी येते आणि मग चर्चा भलतीकडे जाते. पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पूर काढणारे डिकेन्सचे सूत्र पडताळणीपुरते वापरा. पाऊसही २४ तासांचा घेऊ नका. १०० मिलिमीटर दिवसभरात झाला तर नदी सहज नेते, तोच दोन-तीन तासांत झाला तर नेत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नेमके हेच घडले. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, अंबाझरी आधीच भरलेला, सांडव्यावरून आलेले पाणी आणि खालच्या भागाचा स्वतःचा पाऊस एकाच वेळी पात्रात. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, झाशी राणी चौक, मोरभवन पाण्याखाली गेले, माणसे दगावली, पंचशील चौकातल्या पुलाचेही नुकसान झाले. सांडव्यासमोरची आणि पात्राला खेटलेली बांधकामे हा विषय त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तुमच्या नोंदीत ०+००० ते पंचशील चौक हा टप्पा सर्वांत बारकाईने हवा तो यासाठीच. इथे पात्राची रुंदी दर २५ मीटरला मोजा. अन्यत्र १०० मीटर चालेल.

मोरभवन-झाशी राणी परिसराचे दुखणे थोडे वेगळे आहे. तिथे नदी काठ ओलांडायच्या आधीच रस्त्यावर पाणी येते. पावसाळी गटारांची तोंडे नदीच्या भिंतीत उघडतात. नदी त्या तोंडांच्या वर चढली की गटारातले पाणी बाहेर पडत नाही, उलट नदीचे पाणी गटारातून चेंबरवाटे रस्त्यावर येते. अशा ठिकाणी पूल रुंद करून प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक तोंडाची पातळी मोजा, त्याला झडप आहे का, असली तर ती हाताने हलते का की गंजून उघडीच राहिली आहे, ते लिहा. संरक्षक भिंत उंच केली की वस्ती सुरक्षित झाली असे वाटते, पण झडपा नसतील तर त्याच भिंतीमुळे वस्तीतले पाणी आतच कोंडते.

रेल्वेचे पूल तुम्हाला मोजता येणार नाहीत. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका. पण रेल्वे आपल्या पुलांवर क्रमांक, धोक्याची पातळी आणि आजवरच्या सर्वोच्च पुराची पातळी रंगवते. बाहेरून दिसत असेल तर ती टिपून घ्या. नदीवर इतक्या शिस्तीने ठेवलेली दुसरी नोंद क्वचितच मिळते.

अशोक चौकाच्या पुढे जमीन बदलते. पश्चिम नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे. सीताबर्डीची टेकडी हा त्या बेसाल्टचा पूर्वेकडचा कडेचा भाग, आणि त्याच्या पूर्वेला नाइस नावाचा खूप जुना खडक आणि त्यावर मातीचे जाड थर. त्यामुळे वरच्या टप्प्यात पुलाचा पाया सहसा उथळावर खडकात मिळतो आणि तळ फारसा खचत नाही. खालच्या टप्प्यात पाणी तळ आणि काठ दोन्ही पोखरते. तिथे पुलाच्या खालच्या अंगाला, काँक्रीटची फरशी संपते त्या जागी, खड्डा पडला आहे का ते आवर्जून बघा. फरशीच्या कडेखाली हात किंवा काठी शिरत असेल तर माती निघून गेली आहे. ही बाब लगेच कळवायची, पुढच्या मोजणीची वाट पाहायची नाही. पंखभिंतीच्या (पुलाच्या टोकाशी काठ सावरणाऱ्या भिंतीच्या) मागे जमीन खचलेली, रस्त्यावर पुलाच्या तोंडाशी आडवी भेग पडलेली, ही त्याच दुखण्याची वरून दिसणारी लक्षणे.

हिवरी, वाठोडा, सक्करदरा ही नावे शहराहून जुनी आहेत. बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमाराला ज्या बारा वाड्यांतून नागपूर वसवले, त्यांत ती मोजली जातात. या वाड्या जोडणाऱ्या जुन्या वाटा नदी जिथे उथळ तिथूनच ओलांडत असणार, म्हणून नव्या पुलाशेजारी जुना फरशीचा उतार किंवा बुजलेली मोरी दिसली तर तिचीही नोंद घ्या. वापरातून गेलेली मोरी काढून टाकली नसेल तर ती पात्रात बांध म्हणून उभी असते.

पारडीपुढे आणि संगमानंतर गावांचे रपटे येतात. रपटा बुडण्यासाठीच बांधलेला असतो, त्यामुळे तो बुडाला ही तक्रार होऊ शकत नाही. मोजायचे ते हे: नळ किती आणि कितीचे. ९०० मिलिमीटर व्यासाचे तीन नळ मिळून तोंड जेमतेम १.९ चौरस मीटर. त्याच जागी ३ बाय २ मीटरचा एक बॉक्स ६ चौरस मीटर देतो आणि कचऱ्याने इतक्या लवकर तुंबतही नाही. रपट्याच्या दोन्ही कडांना पांढरे-काळे खुंट आहेत का, पाण्याची खोली दाखवणारी पट्टी आहे का. वाहत्या पाण्यात ३० सेंटिमीटरला छोटी गाडी सरकते, ६० ला बहुतेक गाड्या. त्यामुळे पट्टीवर ३० च्या वरचा भाग लाल रंगवून घ्यावा. गावात पाऊस नसतानाही पूर येतो, कारण तो वरच्या शहराचा असतो. शहरात मोठी सर झाली की रपट्यावर पाणी किती वेळाने चढते, ही नोंद दोन-तीन पावसाळे ठेवली तर गावाच्या ती फार उपयोगाची आहे.

पूररेषेचा नकाशा मिळवून प्रत्येक पुलाची पातळी त्यावर टाका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. पुलाचा तळ निळ्या रेषेच्या पातळीखाली असेल तर तो पूल पुरात बांधासारखाच वागणार, आणि मग वरची पूररेषाही नकाशात आहे त्याहून बाहेर सरकते.

दिवाळीच्या मोजणीत भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा, कठड्याला अडकलेल्या चिंध्या, झाडांना लटकलेले प्लास्टिक यांची उंची पुलाच्या वर आणि खाली दोन्हीकडे मोजा. वर ३.१ मीटर आणि खाली २.४ मीटर अशी तफावत निघाली तर तो ७० सेंटिमीटरचा फरक त्या पुलाने घडवलेला आहे. दोन्हीकडे पातळी सारखीच असेल तर तो पूल स्वतः निर्दोष आहे आणि अडथळा त्याच्या खाली कुठेतरी आहे. तक्रार कोणत्या पुलाची करायची ते या दोन आकड्यांवरून ठरवा. अर्जाला तेच जोडा, सोबत खालच्या बाजूने काढलेला, मोजपट्टी उभी धरलेला फोटो आणि अंबाझरीपासूनचे अंतर. हे सगळे मे महिन्याच्या आत पोचले पाहिजे, कारण जूनमध्ये पात्रात मशीन उतरवता येत नाही.